कासला यंदा फिल्म न्यावी का? (सातारा-सांगलीच्या फोटोवाल्यांसाठी)

नवा_रोल · सोमवार, रात्री ९:१२
मंडळी, पावसाचा जोर ओसरला की कासची धावपळ सुरू होणार, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. डिजिटल बॉडी २४ मेगापिक्सेलची, क्रॉप सेन्सर. कपाटात निकॉन एफएम२ हा जुना फिल्म कॅमेरा पडून आहे. मायक्रो लेन्स १०५ एमएम, डी सिरीजची, ॲपर्चर रिंगवाली, म्हणजे दोन्ही बॉड्यांना लागते. लेन्सचं भांडण नाही.
कासच्या फुलांसाठी रंगीत रोल टाकण्यात काही अर्थ आहे का, की सरळ डिजिटल न्यावा? आणि टाकलाच रोल, तर इथे राहून धुण्याचं काय? 'फिल्मची मजाच वेगळी' असली उत्तरं नकोत, ती पाठ आहेत. हिशेब सांगा.

पिक्सेलपंत · ९:२०
डिजिटल. धागा बंद करा.

भडंग_स्पेशल · ९:२२
पंत आले म्हणजे धागा शंभरी गाठणार. भडंग घेऊन बसतो.

जांभा_दगड · ९:५५
हिशेब मागितलाय तर घ्या.
ऑगस्ट-सप्टेंबरात पठारावर लख्ख ऊन धरून चालू नका. दाट ढगात उजेड 'सनी १६' पेक्षा (लख्ख उन्हात एफ/१६ आणि १/आयएसओ, हा ढोबळ नियम) तीन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे आयएसओ ४०० ला एफ/५.६ आणि १/४००. सीतेच्या आसवांसारखं इवलंसं फूल फ्रेमभर घ्यायचं तर १:१ च्या (फूल जेवढं तेवढंच फिल्मवर) आसपास जावं लागतं. तिथे एफ/५.६ ला काही पुरत नाही, एफ/८ तरी हवं. झालं १/२००. शिवाय १:१ ला लेन्स पुढे सरकते त्यात जवळपास दोन स्टॉप जातात. राहिलं १/५०. देठ दोऱ्याएवढा आणि पठारावर वारा कायम. १/२०० च्या खाली फूल हललंच म्हणून समजा. म्हणजे आयएसओ १६०० पाहिजे, आणि धुकं आलं की तेही कमी पडतं. रंगीत निगेटिव्ह ४०० ला, फार तर ८०० ला थांबतं. डिजिटलला १६०० म्हणजे रोजचं काम.
आता डेप्थ, म्हणजे स्पष्ट येणारी खोली. ३५ एमएम फिल्मवर १:१, एफ/८ ला स्पष्ट भाग जेमतेम एक मिलिमीटर. एफ/१६ केलं तर दोन. क्रॉप सेन्सरवर तीच चौकट भरायला १:१ पर्यंत जावंच लागत नाही, दोन तृतीयांशावर भागतं. त्यामुळे डेप्थ सव्वा मिलिमीटरच्या घरात येते आणि उजेडही अर्धा स्टॉप वाचतो. जवळच्या फुलांसाठी क्रॉप सेन्सर फिल्मच्या पुढे आहे, यात भावनेचा काही संबंध नाही.

पिक्सेलपंत · १०:०१
हेच म्हणत होतो, फक्त थोडक्यात.

हायपोवाला · १०:३८
जांभाराव, आकडे बरोबर, पण सगळा हिशेब एका इंचाच्या फुलाचा झाला. कासला लोक गालिचे बघायला जातात. अख्ख्या उतारावर तेरडा, मध्ये सोनकीचा पिवळा पट्टा, वर धुकं आणि धुक्यात मध्येच फुटलेलं ऊन. तिथे १:१ नाही, वाऱ्याचा तितका त्रास नाही, एफ/११ आणि ट्रायपॉड.
असल्या उजेडात निगेटिव्हचा फायदा दिसतो. धुक्याच्या ज्या भागात ऊन घुसतं तो डिजिटलला फटकन पांढरा होतो आणि एकदा चॅनल (लाल, हिरवा, निळा यांतला एखादा) भरला की रॉमध्येही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्येही) परत येत नाही. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त एक्स्पोज झालं तरी तिथला पोत राहतो, हायलाइट हळूहळू दबत जातात. म्हणून मीटर ४०० च्या रोलला २०० वर लावायचा आणि सावलीकडे बघून वाचायचा. उलट केलंत, म्हणजे एक स्टॉप कमी दिलात, तर सावल्या मातकट होतात आणि दाणा वर येतो. डिजिटलला नेमकं उलटं: उजळ भाग वाचवा, सावली नंतर उचला. दोन्ही कॅमेरे एकाच खांद्याला आणि मीटरची सवय एकच, असं असलं की दोन्हींकडे गडबड होते.
स्लाइड फिल्मचं वागणं मात्र डिजिटलसारखंच, जास्त झालं की गेलं.

जांभा_दगड · १०:५१
गालिच्यापुरतं मान्य. पण आताच्या सेन्सरला बेस आयएसओवर दोन स्टॉप कमी देऊन सावली उचलली तरी बिघडत नाही. तो धुक्यातला पोत असाही मिळतो.

हायपोवाला · १०:५४
मिळतो. पण मग कमी द्यायचं हे तिथे उभं असताना लक्षात यायला लागतं.

एफ_अकरा · ११:२७
रंगांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि फुलांच्या बाबतीत खरी गोम तिथे आहे. काही निळी-जांभळी फुलं रंगीत फिल्मवर गुलाबीकडे झुकतात. त्या पाकळ्या गडद लाल आणि त्यापुढचा, डोळ्याला जवळपास न दिसणारा प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. डोळा तो मोजत नाही, फिल्मचा लाल थर मोजतो. परदेशात ॲजरॅटमच्या फुलांवरून या प्रकाराला नाव पडलंय. ही लॅबची चूक नसते, त्यामुळे प्रिंट करताना निळा वाढवला की फूल सुधारतं आणि सगळं गवत बिघडतं.
डिजिटलच्या सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, त्यामुळे हा त्रास कमी. पण त्याची दुसरी खोड आहे. जांभळं निळं पडतं, आणि तेरड्याचा गुलाबी लाल चॅनल गुपचूप भरून टाकतो. मागच्या पडद्यावरचा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सुरक्षित दाखवतो आणि पाकळीवर नुसता सपाट गुलाबी डाग उरतो, शिरा गायब. म्हणून तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेवा आणि तेरड्याला दोन तृतीयांश स्टॉप कमी द्या. मिकी माउसच्या पिवळ्या फुलालाही तेच.
व्हाइट बॅलन्स रॉमध्ये नंतर होतो. फिल्म मात्र ५५०० केल्विनच्या उन्हासाठी बनलेली, ढगात निळसर येणार. लेन्सवर ८१ए हा उबदार छटेचा फिल्टर लावा.

भडंग_स्पेशल · ११:३३
सांगलीकरांना ८१ए लागत नाही. मार्केट यार्डाकडून वारा आला की हळदीनं आपोआप वॉर्म टोन येतो.

सज्जनगड_पायरी · ११:४०
आणि साताऱ्याच्या फोटोला कंदी पेढ्याचा सेपिया. चला, मुद्द्यावर या.

नवा_रोल · मंगळवार, सकाळी ७:५०
एक नंबर चाललंय. एफ_अकरा, चॅनलचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता रोल धुण्याबद्दल कोणी?

डार्करूम_ताई · सकाळी ११:१५
रंगीत आणि ब्लॅक अँड व्हाइट वेगळे धरा.
रंगीत निगेटिव्ह म्हणजे सी-४१ प्रक्रिया. डेव्हलपर ३७.८ अंशाला, सव्वातीन मिनिटं. तापमानात अर्ध्या अंशाचीही ढिलाई नको. चुकलं तर नुसता फिकट-गडद फरक पडत नाही, सावल्या एका रंगाकडे आणि उजळ भाग दुसऱ्याच रंगाकडे जातात, आणि तो प्रकार स्कॅननंतर नीट करता येत नाही. घरी होतं, बादलीत गरम पाणी राखणारा हीटर आणि खात्रीचा थर्मामीटर असेल तर. नसेल तर साठवून एकदम पुण्या-मुंबईला कुरिअर करा. एक्स्पोज झालेला रोल गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत ठेवू नका, डबी झिपच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर तासभर डबी उघडायची नाही, नाहीतर दव धरतं.
ब्लॅक अँड व्हाइट मात्र बिनधास्त घरी. ३५ एमएमच्या एका रोलला पॅटरसन टाकीत २९० मिली लागतं, ३०० धरा. एचपी५ फिल्मला डी-७६ डेव्हलपर एकास एक पाण्यात, २० अंशाला ११ मिनिटं. ट्राय-एक्स असेल तर पावणेदहा. पहिली तीस सेकंद सलग उलटसुलट, मग दर मिनिटाला चार वेळा. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर ठोका, बुडबुडा चिकटून राहिला की निगेटिव्हवर गोल पारदर्शक ठिपका, प्रिंटवर काळा. नंतर साधं पाणी किंवा पातळ ॲसिटिक ॲसिडचा स्टॉप, मग फिक्सर. फिक्सर किती वेळ? रोलची वाया जाणारी जीभ कापून आधी त्यात टाका, दुधाळपणा जाऊन स्वच्छ व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट. धुताना नळ तासभर सोडायची गरज नाही. टाकी भरा, पाच वेळा उलटा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. रॅपिड फिक्सर असेल तर एवढं पुरतं.

कृष्णाकाठ · दुपारी १२:०५
ताई, २० अंशाचं पाणी सांगलीत कुठून आणायचं? मे महिन्यात नळालाच तीसच्या वर असतं.

डार्करूम_ताई · दुपारी १२:३०
बाहेरच्या घमेल्यात बर्फाची पिशवी टाका आणि बाटल्या त्यात उभ्या करा. बर्फ केमिकलमध्ये टाकायचा नाही, पातळ होतं. २० पर्यंत उतरत नसेल तर २४ वर थांबा आणि वेळ कमी करा, दर अंशाला साधारण दहा टक्के. म्हणजे एचपी५ चे अकराचे सव्वासात होतील. नुसता न पातळ केलेला डी-७६ वापरलात तर २० अंशाचे साडेसात २४ ला पाचच्या आसपास येतात आणि पाचच्या खाली गेलं की आकाशात पट्टे दिसतात. म्हणून उन्हाळ्यात एकास एकच बरं.
आणि सगळी पाणी एकाच तापमानाची ठेवा. डेव्हलपर २४, फिक्सर २४, आणि धुवायला एकदम फ्रिजचं गार पाणी, असं केलं की जिलेटिनला बारीक सुरकुत्या पडतात. मग ती दाण्यासारखी जाळी कशानेच जात नाही.

हायपोवाला · दुपारी १:१०
ताईंना अनुमोदन, दोन गोष्टी जोडतो.
तयार पाकिटं मिळत नसतील तर डी-७६ घरी बनवता येतो. लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. ७५० मिली पाणी ५० अंशाच्या आसपास गरम करा. आधी मेटॉल. सल्फाइट आधी टाकलं तर त्या दाट द्रावणात मेटॉल विरघळत नाही, तळाशी गोळे फिरत बसतात. मेटॉल उघड्या पाण्यात काळवंडू नये म्हणून चिमूटभर सल्फाइट त्याआधी चालतं. ते विरघळल्यावर बाकीचं सल्फाइट, मग हायड्रोक्विनोन, शेवटी बोरॅक्स, आणि गार पाण्याने लिटर पुरा. एक दशांश ग्रॅमचा काटा लागेल. हातमोजे घाला, मेटॉलची काहींना कायमची ॲलर्जी होते. सल्फाइट आणि बायसल्फाइट एक नव्हे, पुडीवर नीट वाचा.
बाटली काठोकाठ भरलेली असेल तर सहा महिने टिकतो. अर्धी बाटली ठेवली तर हवा खाते.
दुसरं, पाणी. बोअरचं जड पाणी आपल्या भागात भरपूर. डेव्हलपरला आणि शेवटच्या बुचकळीला डिस्टिल्ड पाणी, मधल्या धुण्याला नळाचं चालेल. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब धरू न देणारं द्रावण) २०० ला १. भांड्याचा साबण नको, त्यातला सुगंध आणि रंग निगेटिव्हवर बसतो.
वापरलेला हायपो (फिक्सर) विहिरीजवळ किंवा बागेत ओतू नका, त्यात चांदी असते. कॅनमध्ये साठवा.

पिक्सेलपंत · दुपारी १:१८
एका फुलासाठी बर्फ, बोरॅक्स आणि डिस्टिल्ड वॉटर. आमच्याकडे एक कार्ड रीडर असतो.

हायपोवाला · दुपारी १:२१
पंत, त्या कार्डाचा बॅकअप किती ठिकाणी आहे ते आधी सांगा.

पिक्सेलपंत · दुपारी १:२२
:)

घाटवाटा · संध्याकाळी ६:४०
रीलवर फिल्म चढत नाही ही पावसाळ्यातली सगळ्यात मोठी तक्रार, तीही सांगा की. चेंजिंग बॅगेत (रोल चढवायच्या अंधाऱ्या पिशवीत) हाताला घाम, आतली हवा दमट, आणि रोल अर्ध्यात अडकतो. रील आधी हेअर ड्रायरने खडखडीत कोरडी करा, रोलच्या टोकाचे दोन्ही कोपरे तिरके छाटा. अडकलाच तर ओढाताण नको, चुणी पडली की तिथे चंद्रकोरीचा डाग येतो. सगळं टाकीत टाका, झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, पाच मिनिटांनी पुन्हा.
आणि एफएम२ कपाटात पडून आहे म्हणताय, तर रोल टाकण्याआधी मागचं झाकण उघडून काळा फोम बघा. बोटाला डांबरासारखा चिकटला की गेला. त्यातून उजेड आत येतो आणि फ्रेमवर नारिंगी पट्टा. दीड-दोन मिलिमीटरचा नवा फोम कापून बसवता येतो, जुना आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा, पण शटरच्या पात्यांना कापूस लावू नका. आरशावरचा फोमही तसाच, तो विरघळला की आरसा चिकटतो. शटर यांत्रिक आहे, बॅटरी नसली तरी चालतं. मीटरला दोन एलआर४४ लागतात. लेन्स पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी.

सज्जनगड_पायरी · संध्याकाळी ७:०२
अवांतर: बुरशीवर खरंच काही उपाय आहे का? साताऱ्यात पावसाळ्यात लेन्स म्हणजे लोणच्याची बरणी.

घाटवाटा · संध्याकाळी ७:३०
झाल्यावर उपाय म्हणजे उघडून साफ करणे. कोटिंग खाल्लं असेल तर खूण राहतेच. होऊ नये म्हणून: चामड्याच्या कव्हरात ठेवायचं नाही, ते ओल धरतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्के बरं. ६० च्या वर गेलं की बुरशीला मोकळं रान. पार ३० च्या खाली नेऊ नका, आतलं वंगण वाळतं. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरा. निगेटिव्हलाही तेच लागू, जिलेटिन बुरशीचं आवडतं खाद्य.

पाल_यात्रा · रात्री ९:०५
फुलांचं चाललंय, तरी विचारतो. पालीला खंडोबाच्या यात्रेत भंडाऱ्यात फिल्म बरी की डिजिटल? सेन्सरवर धूळ बसते म्हणून लोक फिल्म न्या म्हणतात.

जांभा_दगड · रात्री ९:४०
अर्धं खरं. फिल्मला प्रत्येक फ्रेमला नवा पृष्ठभाग, त्यामुळे एक कण अख्ख्या दिवसाच्या फोटोंत त्याच जागी दिसत नाही. पण भंडाऱ्याचा नाही, त्याबरोबर उडणाऱ्या मातीचा एक खडा प्रेशर प्लेटवर किंवा रोलच्या मखमली तोंडात बसला की पहिल्या फ्रेमपासून छत्तिसाव्यापर्यंत सरळ रेघ. ती दुरुस्त करणं सेन्सरच्या ठिपक्यापेक्षा जास्त जिवावर येतं. छत्तीस फोटो झाले की गर्दीत झाकण उघडायचं, तेव्हाच हे होतं. डिजिटलला एकच लेन्स लावून दिवसभर काढायचीच नाही, एफ/५.६ च्या आसपास राहायचं, म्हणजे असलेली धूळही दिसत नाही. एफ/१६ ला सगळं उघडं पडतं.
फलटणच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला रिंगण असतं तिथेही तेच गणित. घोडा धावत असताना रोल संपला तर विषय संपला.

भडंग_स्पेशल · रात्री ९:४४
आणि मायणीला रोहित पक्ष्यांसाठी फिल्म नेणाऱ्याला दंडवत. ५० एमएमवर रोहित म्हणजे गुलाबी पूर्णविराम.

कृष्णाकाठ · बुधवार, सकाळी १०:२०
माझा प्रश्न थोडा वेगळा, पण इथे जाणकार आहेत म्हणून. पुरात भिजलेल्या निगेटिव्ह. सांगलीत २००५, २०१९, २०२१, तीनदा पाणी आलं. कितीतरी घरांत त्या पाकिटांचे गठ्ठे चिकटून दगड झालेत. फेकून द्यायचे का?

डार्करूम_ताई · सकाळी ११:५०
फेकू नका. ब्लॅक अँड व्हाइट असतील तर अजून बरीच आशा.
आधी पुढच्या वेळचं. निगेटिव्ह भिजल्या की वाळू द्यायच्या नाहीत, चूक तिथेच होते. पाकिटात वाळल्या की फुगलेलं जिलेटिन शेजारच्या पट्टीला चिकटतं. स्वच्छ गार पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, आणि दोन दिवसांच्या आत पाण्यातच एकेक पट्टी सोडवून धुवा. त्यापुढे पाण्यातले जंतू जिलेटिन खायला लागतात. गाळ बोटाने पुसायचा नाही, पट्टी पाण्यात हलवायची. शेवटी वेटिंग एजंट घातलेलं डिस्टिल्ड पाणी आणि चिमट्याने उभी टांगा. पंखा नको, धूळ चिकटते.
आता वाळून दगड झालेले गठ्ठे. गार स्वच्छ पाण्यात भिजत घाला, काही तास, गरज पडली तर रात्रभर, आणि आपोआप सुटतील तेवढेच सोडवा. गरम पाणी कधीच नाही, जिलेटिन विरघळून चित्रच वाहून जाईल. ओढून काढलं की एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर. सगळ्यात मोलाचा गठ्ठा पहिल्यांदा भिजवू नका, बिनमहत्त्वाच्या पट्टीवर आधी बघा.
फ्रेमच्या काचेला चिकटलेली प्रिंट सोडवायला जाऊ नका. काचेसकट, तिरका उजेड टाळून फोटो काढून ठेवा.
निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती ॲसिटेट फिल्म कुजायला लागलीय. ती बाकीच्यांपासून वेगळी करा, तो वास बाकीच्यांनाही बिघडवतो. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि आधी तीच स्कॅन करा.

पिक्सेलपंत · दुपारी १२:१५
एकदा गंभीर बोलतो. भिजलेली हार्ड डिस्क वाळवून 'चालते का बघू' म्हणून लावू नका. आतला चिखल प्लेटवर घासला की संपलं. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. मेमरी कार्ड मात्र डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, नीट वाळवून लावलं तर डेटा बरेचदा शाबूत असतो.
आणि 'फिल्म टिकते' हे अर्धवट वाक्य इथे चालणार नाही. नीट फिक्स झालेली, नीट धुतलेली ब्लॅक अँड व्हाइट टिकते, कारण तिथे चांदी आहे. रंगीत म्हणजे नुसते रंग. सत्तरच्या दशकातले घरोघरीचे लालसर पडलेले प्रिंट बघा, अल्बममध्ये अंधारात ठेवूनही त्यातला निळसर थर उडाला. उलट फायलीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक कृष्णेच्या पूररेषेबाहेरच्या घरात ठेवलीत तर रंग तसूभर बदलत नाही. सीडीवर साठवलं असेल तर आजच उतरवून घ्या, तिच्यातलाही रंगच उडतो.

हायपोवाला · दुपारी १२:२२
पंतांशी सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

नवा_रोल · दुपारी २:००
स्कॅनिंग राहिलं. फ्लॅटबेड घ्यावा का?

एफ_अकरा · दुपारी ३:३५
३५ एमएमसाठी नको. खोक्यावर ६४०० लिहिलेला स्कॅनर प्रत्यक्षात दीड-दोन हजाराच्या पुढचा तपशील देत नाही, ३५ एमएमच्या फ्रेमला तीन ते पाच मेगापिक्सेल हाती येतात. तुमच्याकडे मायक्रो लेन्स आणि २४ मेगापिक्सेल आहे, त्यानेच काढा. ३६ मिलिमीटरच्या फ्रेमवर ६००० पिक्सेल म्हणजे इंचाला ४२०० च्या वर.
एलईडी पॅनेल सीआरआय (रंग किती खरे दाखवतो त्याचा निर्देशांक) ९५ च्या वरचा. निगेटिव्ह पॅनेलला चिकटवू नका, चार-पाच सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पॅनेलवरची धूळ आणि दाणेही फोटोत येतील. खोलीतले दिवे बंद. एफ/८, बेस आयएसओ, दोन सेकंदांचा टायमर. कॅमेरा समांतर आहे का बघायला निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं. एक कोपरा मऊ येतो त्याचं कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं. काठावरची अक्षरं उलटी दिसत असतील तर निगेटिव्ह पालथी ठेवलीय.
रंगीत असेल तर फ्रेमच्या बाहेरच्या कोऱ्या नारिंगी पट्टीवर व्हाइट बॅलन्स घ्या, मग कर्व्ह उलटे करून लाल, हिरवा, निळा प्रत्येक चॅनलची दोन्ही टोकं वेगवेगळी जुळवा. एका कर्व्हमध्ये काम होत नाही.

सज्जनगड_पायरी · दुपारी ४:१०
म्हणजे फिल्मवर काढून शेवटी डिजिटलनेच फोटो काढायचा.

भडंग_स्पेशल · दुपारी ४:११
वळसा घालून पुन्हा राजवाड्यावर.

हायपोवाला · दुपारी ४:४५
एन्लार्जर (निगेटिव्हवरून कागदावर प्रिंट काढायचं यंत्र) असेल तर नाही. पण ते वेगळा धागा काढून बोलू, हा कासचा आहे.
नवा_रोल, माझं मत कासपुरतं: रंगीत रोल नका नेऊ. खर्च मांडा. रोल, धुलाई, स्कॅन, कुरिअर मिळून समजा दीड हजार लागले, तर एका क्लिकला बेचाळीस रुपये, आणि त्यात निम्मी फुलं हललेली. एफएम२ मध्ये एचपी५ टाका.

जांभा_दगड · संध्याकाळी ५:२०
ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कास? तेरडा आणि त्याचं पान एकाच करड्या छटेत येतील. सगळा उतार दलियासारखा.

हायपोवाला · संध्याकाळी ५:३५
बिनफिल्टरचं काढलं तर येतीलच. हिरवा एक्स१ लावा. पान उजळतं, गुलाबी पाकळी गडद होते, दोन्ही सुटी दिसतात. दोन स्टॉप खातो, म्हणून ट्रायपॉड. पण तुमचं बरोबर आहे, फुलांसाठी एचपी५ म्हणतच नाही मी. येताना ठोसेघर आहे, वाईला मेणवलीचा घाट आहे. काळा दगड आणि दुपारचं ऊन. घाटाच्या सावलीतल्या दगडावर मीटर वाचा, दोन स्टॉप कमी द्या, आणि डेव्हलपिंग वीस टक्क्यांनी कमी करा, म्हणजे उन्हातल्या पायऱ्या जळत नाहीत. मात्र अख्खा रोल तसल्याच उन्हातला हवा.
ठोसेघरला एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) लावून लांब एक्स्पोजर देणार असाल तर मीटर सांगेल ते पुरत नाही. एचपी५ ला मीटरने १० सेकंद सांगितले तर २० द्या, ३० सांगितले तर ८५ च्या पुढे. डिजिटलला ही भानगड नाही.

मिरज_तंबोरा · संध्याकाळी ६:१५
मिरजेत सतारमेकर गल्लीत काढायचं असेल तरी हेच. एका बाजूने दारातला उजेड, वर ट्यूबलाइट. रंगीत फिल्मवर ट्यूबचा भाग हिरवा, दाराचा निळा, भोपळ्याचा रंग तिसराच. ब्लॅक अँड व्हाइटला काही फरक पडत नाही. रंगीत हवं तर डिजिटल, आणि मालकांना विचारून ट्यूब बंद.

नवा_रोल · रात्री ९:३०
ठरलं. १०५ डिजिटलवर, तिन्ही चॅनलचा हिस्टोग्राम चालू. एफएम२ ला ५० एमएम, एचपी५, आणि तो फक्त मेणवली-ठोसेघरसाठी. फोम उद्या बघतो. ताई, हायपोवाले काका, जांभाराव, आभार. वाचनखूण साठवली आहे.
एक शेवटचं. गावातल्या केमिकलवाल्याकडे हायड्रोक्विनोन आहे म्हणतो, पण ती किंचित तपकिरी दिसते. चालेल?

हायपोवाला · रात्री ९:४१
नुसती मळकट झाक असेल तर आधी रोलच्या जिभेचा तुकडा उजेडात टाकून बघा. काळी कुळकुळीत व्हायला हवी, पण मेटॉल एकटाही तेवढं करून दाखवतो, म्हणून यावर पूर्ण विसंबू नका. चांगलीच तपकिरी असेल तर घेऊच नका. आणि मेटॉलची पुडी करडी किंवा जांभळट दिसली तर तीही परत करा.

पिक्सेलपंत · रात्री ९:४३
कार्ड रीडर दोनशे रुपयांना मिळतो हो.